‘उघडा’ म्हणेपर्यंत

पुण्याला परत येऊन महिना होत आला. घर तेच, देवघर तेच, समईसुद्धा तीच. पण संध्याकाळी दिवा लावला की माझे डोळे आपोआप मिटतात. मी जन्मभर देवापुढं उघड्या डोळ्यांनी उभी राहिलेली बाई. आमच्याकडं देवाला जायचं ते बघायला. रांगेत तासन्‌तास ताटकळायचं, गाभाऱ्यात पुजारी ‘चला, चला’ करेपर्यंत डोळे भरून पाहून घ्यायचं आणि घरी येऊन ‘काय सुंदर पूजा बांधली होती’ म्हणून सांगायचं, अशी आमची भक्ती. परवा सूनबाईनं विचारलंच, "आई, हल्ली डोळे मिटून काय पुटपुटता?" तिला एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं आहे. जालन्याहून मंठ्याला जाणाऱ्या रस्त्याला जे कधी गेले नाहीत, त्यांनीही वाचावं.

मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि दिवसभर न दिसणाऱ्या माणसांशी बोलणं, यात माझी उमेदीची वर्षं गेली. शेजारच्या खुर्चीवर मार्था गायकवाड बसायची. ती दर हिवाळ्यात जालना जिल्ह्यातल्या एका मिशनच्या डोळ्यांच्या शिबिराला मदतीला जाते. मोतीबिंदूच्या रुग्णांना हाताला धरून न्यायचं, डोळ्यांत थेंब घालायचे, संध्याकाळी त्यांच्यासोबत प्रार्थनेला बसायचं, असं काम. यंदा मीही येते म्हटलं. निवृत्त झाल्यापासून घरात बसून मी सगळ्यांच्या डोक्याला ताप झाले होते, हे मलाही कळत होतं. नणंद म्हणाली, "बघ हं नलू, बाटवतील." त्यावर मार्था म्हणाली, "हिला बाटवून काय करायचंय? आमच्या चर्चमध्ये भांडखोर बायका आधीच पुष्कळ आहेत."

जालना ते मंठा रस्ता

स्टेशनवर आम्हाला घ्यायला सिस्टर रिबेका स्वतः जीप घेऊन आली होती. मिशनचा सगळा कारभार तिच्याकडं. पन्नाशीची, काळीसावळी, दणकट बाई. पांढरी साडी, पायांत पुरुषी सँडल आणि जीप अशी हाणते की खड्ड्यांनी बाजूला व्हावं. वाटेत एका टपरीवर तिनं आम्हाला ‘सुशीला’ खायला घातली. आमच्याकडं सुशीला ही कुणाची तरी मावशी असते. इथं ती भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी घालून केलेली न्याहारी आहे. वर शेंगदाणे, कोथिंबीर आणि डोळ्यांतून पाणी काढणारी हिरवी मिरची. मी दोन बशा खाल्ल्या.

दोन्हीकडं काळी रानं. कपाशी फुटून पांढरी झालेली, मध्येच तुरीच्या ओळी, लांबवर जोंधळा. आभाळ इतकं मोठं की पुण्याच्या माणसाला उगीच उघड्यावर पडल्यासारखं वाटतं. सिस्टर गाडी हाणता हाणता म्हणाली, "ताई, काम तुमाला मार्थाबाई दाखवतीलच. माझा एकच नियम हाय. संध्याकाळच्या प्रार्थनेला डोळे मिटायचे. मी ‘उघडा’ म्हनल्याबिगर बिलकुल उघडायचे न्हाईत."

"आमेन म्हटल्यावर उघडतात ना?" मी विचारलं. मार्थामुळं मला थोडीफार माहिती होती.

"बाकीकडं उघडत असतील. इथं मी म्हनल्यावर."

मी मार्थाकडं बघितलं. ती कपाशीकडं बघत होती.

वॉर्ड

मिशन गावापासून लांब, निंबाच्या झाडांत आहे. छोटंसं दगडी देऊळ (मी चर्चला देऊळच म्हणते, तिथले लोकही म्हणतात), पत्र्याचा लांबलचक बायकांचा वॉर्ड, तसाच पुरुषांचा, आणि मागं मोसंबीची बाग. बागेच्या टोकाला एक खोली आहे. तिचं दार मी कधी उघडं पाहिलं नाही, आणि त्या बाजूनं कुणी जाताना सहसा दिसत नसे.

सुरुवातीलाच एक गोष्ट खटकली. मळक्या चादरी आम्ही संध्याकाळी मागच्या दाराशी टोपल्यात टाकायचो. सकाळी त्या धुऊन दोरीवर. धुताना कुणी दिसलं नाही, आपटल्याचा आवाज नाही. मी मार्थाला विचारलं, "धोबी कधी येतो?" ती म्हणाली, "तुला चादरी स्वच्छ मिळाल्या ना?" मार्था अशी तिरकी बोलते तेव्हा काहीतरी लपवत असते.

वॉर्डातल्या बायका आसपासच्या खेड्यांतून आलेल्या. कुणाला बोटं दिसत नव्हती, कुणाला नुसती उजेडाची फट दिसत होती. त्यांत कौसाबाईंची आणि माझी लगेच गट्टी जमली. मंठ्याच्या पल्याडच्या गावच्या, हनुवटीवर गोंदलेलं, दोन्ही डोळ्यांत दुधासारखा मोतीबिंदू. साखर वाढल्यामुळं डॉक्टरांनी त्यांचं ऑपरेशन पुढं ढकललेलं, त्यामुळं त्या तिथं जुन्या रहिवासी झाल्या होत्या. सुनेनं आणून सोडलं आणि ती गेली ती गेलीच. एक डोळा तरी या शिबिरात झाला नाही तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावं लागणार, आणि डॉक्टरांनी सिस्टरला स्पष्ट सांगितलं होतं की इतकं थांबलं तर मग करून उपयोग होईलच असं नाही. कौसाबाईंना हे सगळं ठाऊक होतं. तरी ऑपरेशनचं नाव काढलं की त्या खाटेची दांडी घट्ट धरायच्या.

कोपऱ्यात, मागच्या दाराला लागून, एक खाट होती. स्वच्छ चादर घातलेली, रिकामी. नवीन आलेल्या एका बाईला मी ती द्यायला गेले, तर कौसाबाई म्हणाल्या, "ती भरलेली हाय, बाई."

मी पुन्हा बघितलं. खाटेवर कुणीही नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी, दिवेलागणीला, सिस्टर आली. बायका आपापल्या खाटांवर बसल्या. एकमेकींचे हात धरले. "डोळे मिटा," सिस्टर म्हणाली. तिथली पद्धत अशी, की एकेकीनं आपलं नाव, गाव आणि मागणं सांगायचं. बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. ख्रिस्ती असायला पाहिजे असं काही नाही. मागायला धर्म कशाला लागतो, असं सिस्टरचं म्हणणं.

"माझं नाव कौसाबाई. गाव मंठ्याच्या पल्याड. लेकीच्या लेकराचं तोंड बघायचंय, येवढंच."

"आमेन."

"माझं नाव पंचफुला. म्या देवाबिवाला काई मागत न्हाई. पर डॉक्टरचा हात बराबर चालू दे, येवढं म्हनते. जय भीम."

"आमेन," सगळ्या म्हणाल्या, सिस्टरसकट. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. माझी पाळी आली तेव्हा मी भांबावून, "माझं नाव नलिनी, गाव पुणे, सगळ्यांचं भलं होवो," असं काहीतरी सत्यनारायणाच्या पूजेतल्यासारखं म्हटलं. माझ्यापुढं त्या बाजूला कुणीच नव्हतं, फक्त ती रिकामी खाट. आता संपलं असं मला वाटलं.

तेवढ्यात त्या कोपऱ्यातून आवाज आला.

"माझं नाव सगुणा. गाव न्हाई. या समद्या बायांना दिसू दे."

"आमेन."

आवाज घोगरा होता, आणि शब्दाशब्दाला मध्येच हवा निसटत होती. पावसाळ्यात जुनी लाइन लागली की पलीकडचं माणूस विहिरीतून बोलल्यासारखं यायचं, अगदी तसा. मी आयुष्यात लाखभर आवाज ऐकले असतील. एकदा ऐकलेला आवाज मी सहसा विसरत नाही. वॉर्डातल्या प्रत्येक बाईशी मी दिवसभर बोलले होते. हा आवाज त्यांच्यापैकी एकीचाही नव्हता.

कुणी हललं नाही. खाट करकरली, मागचं दार सरकल्यासारखं वाटलं, आणि बऱ्याच वेळानं सिस्टर म्हणाली, "उघडा."

खाट रिकामी होती. चादरीवर मध्यभागी खळगा पडला होता. मी हात लावला. ऊब होती.

मोसंबी

"तिथं कोण होतं?" मी मार्थाला विचारलं.

"सगुणा. नाव सांगितलं की तिनं."

"पण खाटेवर कुणी नव्हतं."

"तू डोळे मिटले होतेस. मग नव्हतं कशावरून?" असं म्हणून मार्थानं डोक्यावरून पांघरूण घेतलं. मला तिचा इतका राग आला की भीतीसुद्धा वाटायची राहिली. ती मागाहून वाटली.

दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाईंचं आणि इतर बऱ्याच जणींचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात अजून मोतीबिंदू, म्हणजे अख्खा वॉर्ड जवळजवळ आंधळा. दुपारी मी थेंबांची बाटली घेऊन आत गेले तर कौसाबाई कोपऱ्याकडं तोंड करून बोलत होत्या. लेकीच्या सासरचं, भाव पडलेल्या सोयाबीनचं, सुनेचं. बोलता बोलता थांबायच्या, ऐकल्यासारखं करायच्या, हसायच्या. माझी चाहूल लागली तशा गप्प झाल्या. मागचं दार हलत होतं. वारा नव्हता.

"कुणाशी बोलताय, कौसाबाई?"

"आमच्या सगुणाशी. आत्ता हितंच बसल्ती की! मला मोसंबी सोलून दिली." त्यांच्या हातात फोडी होत्या, आणि खाटेखाली मोसंबीची साल पडली होती, एका दमात सोललेली, अखंड, लांबच लांब. मी ती उचलली. एवढ्या सफाईनं सोलायला माणसाला बोटं लागतात, असं मी स्वतःला समजावलं.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम कोपऱ्याला लागूनच्या स्टुलावर बसले. उजव्या हातात पंचफुलाबाईंचा हात. डावा हात मोकळा. प्रार्थना सुरू झाली, नावं पुढं सरकत गेली, आणि अर्ध्यावर माझा डावा हात कुणीतरी धरला.

तो हात खरखरीत होता, कोरडा, झाडाच्या सालीसारखा. मी भीत भीत बोटं चाचपली, तर ती मला नीट सापडेनात. दोन-तीन एकमेकींना चिकटल्यासारखी लागली. डोळे उघडावेत म्हटलं तर पापण्या जड झाल्या. नियमाचा मान राखला असं मी म्हणणार नाही, पाचावर धारण बसली होती.

"माझं नाव सगुणा. गाव न्हाई. उद्या पट्ट्या निघतील, तवा समद्या बायांना दिसू दे."

"आमेन."

हात सुटला. "उघडा," सिस्टर म्हणाली. शेजारी कुणी नव्हतं, आणि माझ्या तळव्याला मोसंबीचा वास येत होता.

सकाळी पट्ट्या निघाल्या. पंचफुलाबाईंना दिसायला लागलं, तशा त्यांनी आधी स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले, मग मला बघितलं. "तुमचा आवाज जाड हाय, तुमी तर वाळक्याच निघालात," म्हणाल्या. काळा चष्मा लावून निघताना त्या कोपऱ्यातल्या खाटेपाशी थांबल्या. "गेली व्हय ती? रातच्याला माझं डोकं चेपून दिल्तं तिनं. तोंड बघायचं राह्यलंच." सिस्टर तिथंच होती. तिनं खिडकीबाहेर बघितलं.

माझी चूक

दुपारी नवीन बायका भरती झाल्या. कौसाबाईंची साखर उतरली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा नंबर होता. त्या सकाळपासून म्हणत होत्या, "सगुणा हाय, मंग मला भेव न्हाई."

आणि मी मनाशी ठरवलं होतं, की आज डोळ्यांत तेल घालून बघायचं. मी काही नास्तिक नाही, पण अंधश्रद्धाळूही नाही. भूत असेल तर दिसेल, माणूस असेल तर दिसेल. शिवाय न बघता हात जोडणं माझ्या रक्तातच नाही. पाहिल्याशिवाय ते दर्शन कसलं? याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, हे मला नंतर कळलं.

"डोळे मिटा," सिस्टर म्हणाली. सगळ्यांनी मिटले. मी उघडे ठेवले.

हे दृश्य आधी कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही. संधिप्रकाशात एवढ्या बायका, सगळ्यांचे डोळे बंद, सगळ्यांची तोंडं थोडी वर. झोपेत बसल्यासारख्या. मागचं दार हळूच उघडलं आणि एक बाई आत आली. पायांचा आवाज नाही. डोक्यावर पदर. ती खाटेवर बसली आणि इतक्या साऱ्या मिटलेल्या डोळ्यांमध्ये आल्यावर तिनं, कसला तरी भार उतरवावा तसा, पदर मागं टाकला.

अर्धा चेहरा बाईचा होता. दुसरा अर्धा भाजून वितळलेला. कान नव्हता, गालाची कातडी ओढून मानेला गेलेली, ओठ एका बाजूला खेचलेला. म्हणून आवाजातून हवा निसटत होती. मी बघत राहिले. ती नवीन बायकांकडं एकेक करून बघत होती, लग्नाच्या मांडवात बसल्यासारखी खुशीत. मग तिची नजर माझ्यापाशी आली.

मी ओरडले नाही. पण तोंडावर हात गेला, तेवढं पुरलं.

तिनं पदर ओढला आणि ती गेली. दार इतक्या जोरात आपटलं की कौसाबाई दचकून म्हणाल्या, "सगुणा? काय झालं गं?" नावं पूर्ण झाली. कोपऱ्याची पाळी आली तेव्हा सगळ्या वाट बघत राहिल्या. त्या संध्याकाळी सिस्टर ‘उघडा’ म्हणालीच नाही. उठून माझ्याजवळ आली.

"बघितलं ना? झालं समाधान?"

बाहेर व्हरांड्यात तिनं मला सगळं सांगितलं. सगुणाला कुणीतरी जीपमधून मिशनच्या दवाखान्यात टाकून गेलं होतं. घरचे म्हणाले, स्टोव्ह भडकला. ती काहीच म्हणाली नाही. बरी झाली तेव्हा न्यायला कुणी आलं नाही. एकदा सिस्टरनं तिला मंठ्याच्या बाजारात नेलं, तर एक लेकरू तिला बघून किंचाळलं आणि त्याच्या आईनं दगड उचलला. तेव्हापासून ती बागेमागच्या खोलीत राहते, अंधारात चादरी धुते, आणि उजेडात फक्त आंधळ्यांत येते. "माणसात बसायला तिला हीच येक जागा हाय, ताई. पट्टी बांधलेल्या बाया, न्हाई तर डोळे मिटलेल्या. त्यासाठी नियम हाय तो."

"मला आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं की मानूस बघतंच. पापन्या मिटून फटीतून बघतं. आजवर न सांगता चाललं होतं."

मार्थाला हे सगळं माहीत होतं. तिच्याशी भांडायला शब्द होते, पण तोंड नव्हतं.

बागेमागची खोली

सकाळी कौसाबाईंनी ऑपरेशनला साफ नकार दिला. "माझी मैतरीण आल्याबिगर म्या जात न्हाई. तिला काई तरी झालंय. तुमी सांगून न्हाई राह्यले." डॉक्टरांनी समजावलं, सिस्टरनं दम दिला. त्यांनी खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनांचा उद्या शेवटचा दिवस. उद्या नाही तर नाही." त्या सकाळी दोरीवर चादरी नव्हत्या.

मी दुपारी बागेतून त्या खोलीकडं गेले. मोसंबीच्या झाडांखाली ऊन गळत होतं, पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. दार बंद. मी पायरीवर दाराकडं पाठ करून बसले आणि बोलायला लागले. न दिसणाऱ्या माणसाशी बोलायचं, एवढी एकच गोष्ट मला जन्मात नीट आली आहे.

आतून काहीच आलं नाही. पण ऑपरेटरला एक कळतं. लाइन मेलेली असते तेव्हाची शांतता पोकळ असते; पलीकडं माणूस गप्प असतं तेव्हाची भरलेली असते. ही भरलेली होती. मी सांगत गेले, की कौसाबाईंनी दांडी धरून ठेवली आहे, उद्याचा शेवटचा दिवस आहे, चूक माझी आहे आणि त्याची सजा म्हातारीला होते आहे.

बऱ्याच वेळानं, अगदी माझ्या पाठीशी, दाराच्या फळीला तोंड लावल्यासारखा तो आवाज आला.

"ताई, तिला दिसलं की ती मला बघंल."

मी पाठ दाराच्या फळीला टेकवली.

"समद्यांना दिसू दे म्हनून मीच मागते. आन् ज्यांना दिसतं, त्यांच्यात मला जाता येत न्हाई. मी काय मागू, तुमीच सांगा."

पुण्याहून जाताना मी लोकांचं भलं करायची पुष्कळ तयारी करून गेले होते. त्या तयारीत हा प्रश्न नव्हता. मी एवढंच म्हटलं, "आज संध्याकाळी मी बघणार नाही." आणि उठून आले.

संध्याकाळी मी सिस्टरकडून दोन पट्ट्या मागून घेतल्या. तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि दोन्ही डोळ्यांवर कापूस ठेवून चिकटपट्ट्या अशा दाबून बसवल्या की काढताना भुवया निघाव्यात. मार्थानं मला हाताला धरून कोपऱ्यातल्या स्टुलावर नेऊन बसवलं. "आता कशी शहाण्यासारखी दिसतेस," ती म्हणाली.

खरा अंधार कसा असतो ते तेव्हा कळलं. नावं माझ्याकडं सरकत आली. मी माझं नाव-गाव सांगितलं आणि म्हटलं, "माझं मागणं, कोपऱ्यातली खाट भरू दे."

"आमेन."

मग काहीच नाही. पत्र्यावर निंबाचं पान पडल्याचा आवाज आला. कुणाचा तरी श्वास घरघरत होता. मी डावा हात मोकळा ठेवला होता आणि तो गार पडत चालला होता.

दार सरकलं. खाट करकरली. तो खरखरीत हात माझ्या हातात आला, आणि या वेळी त्यानं माझी बोटं घट्ट आवळली.

"माझं नाव सगुणा. गाव न्हाई. कौसाबाईनं उद्या जावं."

"आमेन" कुणी म्हणायच्या आतच कौसाबाई बोलल्या, "जाते की! पर ऐक. पट्टी निघाली की पहिलं तुलाच बघीन म्या."

हात माझ्या हातातून निघून गेला. दार लागलं. "उघडा," सिस्टर म्हणाली, आणि मला उघडता येत नव्हते.

शेवटची सकाळ

ऑपरेशन नीट झालं. कौसाबाई मुकाट्यानं आत गेल्या, मुकाट्यानं बाहेर आल्या. त्या संध्याकाळी कोपरा गप्पच राहिला.

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. डॉक्टर एकेकीची पट्टी काढत पुढं सरकत होते. न्यायला आलेली पोरंबाळं, जावई-सुना अंगणात गर्दी करून उभी. कौसाबाईंची सूनसुद्धा आली होती. त्यांची पट्टी निघाली, डॉक्टरांनी डोळा पुसला. "हं, आजी, उघडा डोळा."

कौसाबाईंनी दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले.

"उघडत न्हाई. सगुणा आली का?"

"अहो आजी, बाकीच्या बायका थांबल्यात."

"थांबू द्या. तिला म्हनावं, म्या मिटून बसले. तू म्हनशील तवा उघडीन. न्हाई म्हनलीस तर न्हाई उघडनार." जिच्यासाठी एवढी वर्षं तळमळली, ती दृष्टी हातात आलेली, आणि म्हातारी ती मुठीत दाबून बसली होती. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

सिस्टरनं बागेकडं बघितलं. मग अंगणाकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "डोळे मिटा. समद्यांनी. डॉक्टरसाहेब, तुमी बी."

भर सकाळी, उघड्या अंगणात, तेवढ्या सगळ्या माणसांनी डोळे मिटले. का, ते कुणी विचारलं नाही. मीही मिटले. तेव्हा कुणी मला पुणं बक्षीस देतो म्हटलं असतं तरी मी ते उघडले नसते. म्हणून पुढं काय घडलं ते मी पाहिलेलं नाही. ऐकलं तेवढं सांगते.

वाळलेल्या पानांवर पावलं. थांबली. पुन्हा निघाली. व्हरांड्याची पायरी. मोसंबीचा वास. कुणीतरी खाली बसल्यावर होते तशी साडीची सळसळ, आणि जोरजोरात चाललेला श्वास. मग कितीतरी वेळ काहीही नाही.

"उघडा."

हे सिस्टर म्हणाली नव्हती. आवाजातून हवा निसटत होती. आणि ते आमच्यासाठी नव्हतं. अंगणात कुणी हललं नाही.

मी कौसाबाईंच्या बाजूला कान लावला. आता किंचाळतील, आता किंचाळतील असं वाटत राहिलं. मग त्यांचा सुस्कारा ऐकू आला.

"लई दिसांनी मानूस दिसलं गं," त्या म्हणाल्या. "मोसंबी आनली का न्हाई?"